बिअरला तुपाचा वास येतो, काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेचाळीस वर्षांचे एक वाचक अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतात. दोन वर्षं ते घरी एल प्रकारची बिअर करतात आणि ती चांगली होते. हिवाळ्यात बेसमेंटचं तापमान ११-१२ अंशांवर ठरलेलं असतं, म्हणून या वर्षी त्यांनी लागर, म्हणजे थंडीत आंबवून मुरवायची बिअर, करायला घेतली, त्यातही फिकी पिल्स्नर. तीन बॅच झाल्या आणि तिन्ही फसल्या. पहिलीला उकडलेल्या मक्याचा वास आला. दुसरी बाटल्यांत भरताना ठीक होती, पण तीन आठवड्यांनी उघडल्यावर बायकोने विचारलं, "तूप कढवतोयस का?" जंतू शिरले असणार असं धरून तिसऱ्या वेळी त्यांनी सगळी भांडी ब्लीचने दोनदोनदा धुतली. त्या बॅचला लोण्याच्या जोडीला दवाखान्याचा वास आला. चौथी बॅच फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) बारा दिवस आहे, बुडबुडे थांबलेत. तीन आठवड्यांवर मित्राची पन्नाशी आहे आणि "बिअर माझ्याकडे लागली" असं ते सांगून बसलेत. मित्र चव घेऊन "वेगळी आहे" एवढंच म्हणतात. सांगलीहून आई फोनवर बजावते, घरी दारू गाळू नकोस, माणसं मरतात. शंकूच्या बुडाचा स्टीलचा महागडा फर्मेंटर घ्यावा, लागरचा नाद सोडावा, की दुकानातून क्रेट आणून गप्प बसावं? आणि पुढच्या वर्षी पुण्याला परतलो तर हा छंद तिथे चालेल का?

नमस्कार,

तुमचे मित्र ग्लास हातात धरून "वेगळी आहे" म्हणाले, हे वाचलं आणि सगळा प्रसंग डोळ्यांसमोर आला. आपल्यात भाजी बिघडली की ती "वेगळी झालीय" आणि स्थळ पसंत नसलं की "मुलगा जरा वेगळा आहे". तेव्हा मित्र बोलून गेलेत आणि तुम्हालाही ते कळलंय, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत. बायकोने आडपडदा न ठेवता सांगितलं आणि निम्मं निदानही करून दिलं. त्याकडे येतेच.

आधी तुमच्या "इन्फेक्शन"बद्दल. तो शब्द पत्रात चार वेळा आलाय आणि तुमची सगळी धावपळ त्याच्याभोवती चाललीय. मला काही तो पटत नाही. त्याच बादल्या, त्याच नळ्या, तेच हात, आणि एल दोन वर्षं चांगली होतेय. जंतू बादलीत दबा धरून बसले असते तर त्यांनी एल सोडून लागरचीच वाट का पाहिली असती? जंतूंनी नासवलेली बिअर बहुधा आंबट होते, तिच्यावर पांढरट साय धरते, बाटली उघडली की फेस उसळून टेबलावर येतो, आणि दर आठवड्याला ती आणखी बिघडते. यातलं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही. वासही एक नाही, तीन आहेत. मक्याचं कारण उकळण्याच्या दिवशी घडलं, लोण्याचं आठव्या दिवशी, आणि दवाखान्याचं, सांगायला वाईट वाटतं, साफसफाईच्या दिवशी.

मग एल बरी होते आणि लागरच का फसते? एलचं यीस्ट उबेत काम करतं आणि फळांचे वास सोडतं. त्यावर तुम्ही हॉप्स (कडवट, वासाची फुलं) घालता, भाजका मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घालता. त्या गर्दीत बारीकसारीक चुका खपून जातात. पिल्स्नर म्हणजे पांढरा शर्ट, पानाचा एक थेंब पडला तरी लांबून दिसतो. जोसेफ ग्रोल या बव्हेरियन (दक्षिण जर्मनीतल्या) माणसाने १८४२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनमध्ये ती पहिल्यांदा केली तेव्हा तिथलं पाणी विलक्षण मऊ होतं, मॉल्ट फिका होता आणि थंडीत चालणारं यीस्ट बव्हेरियाचं होतं. वास झाकायला त्यात काहीच नव्हतं. त्याच्याकडे एक गोष्ट मात्र भरपूर होती, ती म्हणजे थंड तळघर आणि वेळ. बव्हेरियात १५५३ सालापासून नियमच होता की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही. वसंतात केलेली बिअर उन्हाळाभर बर्फाच्या तळघरात पडून राहायची. तुमच्या विस्कॉन्सिनमध्येही जर्मन लोकांनी एकोणिसाव्या शतकात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरं भरली, ती याचसाठी. ते महिने मोजत होते आणि तुम्ही मित्राच्या वाढदिवसापासून मागे दिवस मोजताय. माझ्या मते खरी गाठ इथे आहे, बाकीचे धागे तिच्यातूनच निघालेत.

आता एकेक वास घेऊ.

मक्याचा वास. याचं नाव डायमिथाइल सल्फाइड, बोलताना सगळे डीएमएस म्हणतात. पिल्स्नर मॉल्ट अगदी हलक्या आचेवर वाळवलेला असतो, म्हणून या वासाचं मूळ द्रव्य त्यात शिल्लक राहतं. एलचा मॉल्ट जास्त तापवलेला असल्याने त्यात ते कमी असतं, त्यामुळे ही अडचण तुम्हाला आधी कधी भेटलीच नाही. वर्ट, म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, उकळताना त्या द्रव्यातून डीएमएस सुटतं आणि वाफेबरोबर निघून जातं, पण झाकण काढलेलं असेल तरच. तुम्ही लिहिलंय की घरचा विजेचा स्टोव्ह १९ लिटरला उकळी धरून ठेवत नाही, म्हणून झाकण अर्धं ठेवून ६० मिनिटं उकळलं. त्या झाकणाच्या आतल्या बाजूने जे थेंब परत पातेल्यात पडले ना, तोच तुमचा मका. वेळेचाही हिशोब आहे. चांगल्या उकळीत ते मूळ द्रव्य निम्मं व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात. म्हणजे तासाभराने एक तृतीयांशाहून थोडं जास्त उरतं आणि ९० मिनिटांनी एक पंचमांश. म्हणून पिल्स्नरला दीड तास, झाकण पूर्ण काढून.

तुमच्या स्टोव्हला ते झेपणार नसेल तर दहा लिटरची बॅच करा. एवढी साधी गोष्ट, पण छंदवाल्यांना ती कमीपणाची वाटते. पन्नास बाटल्या मक्याच्या पाण्यापेक्षा पंचवीस बाटल्या बिअर बरी की नाही?

आणि उकळलेलं पातेलं गार करायला रात्रभर बर्फात ठेवता, ते बंद करा. अंगणात हातभर बर्फ पडलेला असताना मोह होतो, मलाही झाला होता. पण गरम पातेल्याभोवतीचा बर्फ वितळतो, मध्ये हवेची पोकळी तयार होते, आणि भुसभुशीत बर्फ मुळात उष्णता अडवणारा. सकाळपर्यंत वर्ट कोमट राहतं, आणि गरम वर्टमध्ये डीएमएस तयार होत राहतं, फक्त आता ते उडून जायला उकळी नसते. तांब्याच्या नळीचं वेटोळं मिळतं, ते पातेल्यात सोडायचं आणि त्यातून नळाचं पाणी खेळवायचं. तुमच्याकडे हिवाळ्यात नळाचं पाणी इतकं गार असतं की अर्ध्या तासात काम होतं.

आता लोणी. इथे जरा थांबू या, कारण दोन बॅच यात गेल्या आणि चौथी अजून वाचू शकते.

तुमच्या बायकोने तूप म्हटलं, अमेरिकन माणूस सिनेमागृहातला पॉपकॉर्न म्हणतो. या वासाचं नाव डायअॅसिटिल. यीस्ट वाढताना स्वतःच्या गरजेसाठी काही द्रव्यं बनवतं, त्यातलं एक थोडं बाहेर सांडतं. त्या सांडलेल्याला स्वतःला वास नसतो. पुढे ते यीस्टच्या मदतीशिवाय, आपलं आपण, हळूहळू डायअॅसिटिल बनतं. थंडीत फार हळू, उबेत लवकर. मग यीस्ट ते परत आत घेतं आणि त्याचं अशा द्रव्यांत रूपांतर करतं की ज्यांचा वास आपल्याला जवळजवळ येतच नाही. म्हणजे पंगत उठल्यावर खरकटं काढायचं कामही यीस्टच करतं, फक्त ते शेवटी करतं.

तुम्ही आठव्या दिवशी काय केलंत? एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतले) बुडबुडे थांबले, म्हणून बिअर यीस्टवरून दुसऱ्या भांड्यात ओढली आणि फ्रिजमध्ये ढकलली. पंगत उठली न उठली तोच वाढपी घरी पाठवले आणि खरकटं तसंच राहिलं. बाटल्या भरताना बिअर स्वच्छ लागली, कारण तेव्हा ते द्रव्य अजून बिनवासाचं होतं. भरताना थोडी हवा मिसळली, तीन आठवडे गेले आणि बाटलीतच त्याचं लोणी झालं. चांगली भरलेली बिअर नंतर "बिघडली", म्हणून तुम्हाला जंतूंचा संशय आला. संशय चुकीचा असला तरी तुमच्या जागी मीही तोच घेतला असता.

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. झाकणातून हवा गळत असली तरी ते थांबतात आणि खोली गरम झाली की उगाच सुरू होतात. हायड्रोमीटर, म्हणजे साखर संपत जाईल तशी उतरणारी ग्रॅव्हिटी (घनता) मोजायचं साधन, तुमच्याकडे आहे, पण तुम्ही तो फक्त पहिल्या दिवशी बुडवता. तुमची सुरुवात १.०४८ ला होती. ही बिअर साधारण १.०१० ला येऊन थांबावी. १.०१४ किंवा १.०१५ दिसलं की फर्मेंटर बेसमेंटमधून वर आणा, जिथे १७-१८ अंश असतात अशा खोलीत, आणि त्यावर जाड टॉवेल टाका, कारण उजेड नको. तीन-चार दिवस तिथे राहू द्या. यीस्टवरून काढू नका. लागरला थंडच हवं, वर आणली तर बिघडेल, ही भीती तुमच्या पत्रात दिसते. पण थंडी लागते ती पहिल्या जोमाच्या दिवसांत, फळांचे आणि स्पिरिटसारखे वास येऊ नयेत म्हणून. शेवटच्या टप्प्यात उबेने नुकसान होत नाही.

दुसरं म्हणजे यीस्ट कमी पडलं. १९ लिटरला तुम्ही ११.५ ग्रॅमचं एक पाकीट घातलंत. एलला ते पुरतं. थंडीत काम करायचं तर लागरला जवळजवळ दुप्पट लागतं. कोरड्या लागर यीस्टचं सर्वसाधारण प्रमाण १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम, म्हणजे तुमच्या बॅचला १५ ते २३ ग्रॅम. दोन पाकिटं. जानेवारीत दही लावताना आपण विरजण थोडं जास्तच घालतो, नाही का? थोड्या यीस्टला आधी खूप वाढावं लागतं आणि वाढतानाच ते खरकटं सांडतं.

चौथ्या बॅचसाठी आज संध्याकाळीच एक गोष्ट करा. काचेच्या दोन लहान बरण्या घ्या, झाकणाच्या, मसाल्याचा वास न लागलेल्या. (लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी नको. मी एकदा केलं आणि हिंगाच्या वासाची बिअर तपासत बसले.) दोन्हींत फर्मेंटरमधली दोन-दोन बोटं बिअर घ्या. एक बरणी तशीच ओट्यावर ठेवा. दुसरीचं झाकण सैल लावून ती साधारण ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. ते पाणी उकळतं नको, बोट क्षणभरही ठेवता येणार नाही इतकं गरम हवं. मग बाहेर काढा आणि दोन्ही बरण्या सारख्या गार होऊ द्या. झाकण उघडायच्या आधी बरणी गोल हलवा, उघडल्याबरोबर नाक लावा, आणि एक लहान श्वास घ्या, लांब नको. उष्णतेने त्या बिनवासाच्या द्रव्याचं वीस मिनिटांत डायअॅसिटिल होतं, म्हणजे तीन आठवड्यांनी बाटलीत जे होणार ते आजच दिसतं. दोन्ही बरण्या स्वच्छ असल्या तर बिअर थंड करायला हरकत नाही. फक्त तापवलेलीला लोणी आलं तर आणखी दोन-तीन दिवस उबेत ठेवून पुन्हा तपासा. दोन्हींना आलं तर आणखी धीर धरा. आठवडाभर उबेत राहूनही वास वाढतच गेला आणि वर आंबटपणा आला, तर मात्र तुमचं "इन्फेक्शन" मी मान्य करीन. पेडिओकोकस नावाचे जिवाणू लोणी आणि आंबटपणा दोन्ही देतात.

वास तुमच्या बायकोने घ्यावा. हे गमतीने म्हणत नाही. डायअॅसिटिल माणसाला एक कोटी भागांत एक भाग असलं तरी कळू शकतं, पण नाकानाकांत फार फरक असतो आणि काहींना ते जवळजवळ येतच नाही. तुम्हाला दुसऱ्या बॅचमध्ये "काहीतरी" वाटत होतं आणि तिने दारातूनच तूप ओळखलं. कुठली बरणी कुठली हे तिला सांगू नका.

दुसऱ्या बॅचच्या बाटल्या अजून आहेत असं लिहिलंय. त्या बेसमेंटमधून वर आणा, कपाटात अंधारात १८-२० अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवा. बाटलीच्या तळाशी जिवंत यीस्ट आहे, ते थोडं खरकटं काढेल. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही.

आता माझी एक फजिती. माझ्या पहिल्या लागरच्या सहाव्या दिवशी गराज उघडलं तर सडक्या अंड्याचा भपकारा आला. मी लाँड्रीच्या सिंकमध्ये अख्खे १९ लिटर ओतून टाकले, नाक दाबून. ओतताना फेस इतका सुरेख पांढरा येत होता की मन खात होतं. पुढे कळलं की लागर यीस्ट गंधकाचा वास सोडतंच. बराचसा वास वायूबरोबर निघून जातो, उरलेला थंडीत काही आठवड्यांत. चांगली बिअर मी स्वतःच्या हाताने मोरीत घातली होती. म्हणून अंड्याचा वास आला की कॅलेंडर बघा, बिअर ओतू नका. हिरव्या सफरचंदाचा किंवा कच्च्या भोपळ्याचा वास आला तरी बहुतेक तेच, यीस्टचं काम अर्ध्यावर आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र वाट पाहून जात नाही. तो हवा मिसळल्याचा, म्हणून बिअर ओढताना नळी तळाला टेकवा, वरून धार पाडू नका. आणि बाटल्या तपकिरी घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत उजेडाने हॉप्सचा असा वास होतो की रात्री हायवेवर स्कंक चिरडलेला असतो तो आठवतो. भारतात हा प्राणी नाही, तिकडच्या वाचकांना यापेक्षा चांगली उपमा देता येत नाही, आणि ते सुदैवी आहेत.

दवाखान्याचा वास. तो ब्लीचमधल्या क्लोरीनचा आहे. क्लोरीन आणि मॉल्टमधली फिनॉल जातीची द्रव्यं एकत्र आली की क्लोरोफिनॉल बनतं. डेटॉल, बँडेजची पट्टी, प्लास्टिक, जो तो वेगळं नाव देतो. ते अगदी लेशमात्र असलं तरी कळतं आणि कितीही थांबलात तरी जात नाही. तिसरी बॅच ओतून टाका, तिच्यासाठी हळहळू नका. पुढे ब्लीच बंद. भांडं आधी ऑक्सिजनवर चालणाऱ्या क्लीनरने घासून धुवा आणि वापरण्याआधी फॉस्फोरिक आम्लाचं, धुवावं न लागणारं सॅनिटायझर फिरवा. त्याचा फेस राहिला तरी चालतो. एक धोक्याची सूचना: ब्लीच आणि हे आम्लाचं सॅनिटायझर चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचची बाटली त्या कपाटातूनच हलवा.

नळाच्या पाण्यातही क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन सहज जात नाही. कॅम्पडेनची (क्लोरीन आणि क्लोरामाइन घालवणारी) एक गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते, तुमच्या बॅचला पाव गोळी चुरून टाका, काही मिनिटांत काम होतं. शहराच्या पाण्याच्या वार्षिक अहवालात तुमच्याकडे काय घालतात ते दिलेलं असतं.

स्टीलचा फर्मेंटर? तुमच्या तीनपैकी एकही वास त्याने गेला नसता. तेवढ्या पैशांत यीस्टची कित्येक पाकिटं येतात. घ्यायचंच असेल तर मे महिन्यासाठी जुना फ्रिज आणि तापमानाचा कंट्रोलर घ्या, कारण बेसमेंट तेव्हा ११ अंशांवर राहणार नाही. लागर सोडायचाही प्रश्न नाही. उन्हाळ्यात एल करा, हिवाळ्यात लागर. जुने लोक ऋतू पाहूनच करायचे.

आईंना सांगा की बिअर गाळत नाहीत, आंबवतात. आपल्याकडे "घरी दारू" म्हटलं की हातभट्टी आठवते आणि त्या भीतीला कारण आहे, मिथेनॉलने माणसं मेलेली आहेत. धान्याची बिअर आंबवताना धोका होईल इतकं मिथेनॉल तयार होत नाही, आणि वर सांगितलेले वास जिभेला वाईट असले तरी अंगाला अपाय करत नाहीत. भट्टी लावून ऊर्ध्वपातन करणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे, तिच्या वाटेला घरी जाऊ नका. तुमच्याकडे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला करातून सूट मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, पण विकायची नाही.

पुण्यात मात्र हे चालणार नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं पाच लिटर का असेना. पुण्यात परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरी आहेत, तिथे जाऊन पिता येईल, ओळख झाली तर टाक्या बघता येतील. सामान जहाजाने पाठवू नका, तिथल्याच कुणाला देऊन या. महाराष्ट्रातून हे सदर वाचणाऱ्यांनीही ही कृती करून पाहायची नाही.

राहिली पन्नाशी. मित्र "वेगळी आहे" म्हणतात कारण तुम्ही ग्लास देता आणि चेहऱ्याकडे बघत उभे राहता. कोण खरं बोलेल? "लोणी लागतंय का, मका लागतोय का?" असं नाव घेऊन विचारा, लगेच बोलतील. पार्टीला लोण्याची बिअर नेऊ नका, आणि ओशाळून क्रेट आणून गप्पही बसू नका. तुमची एल तीन आठवड्यांत होते, ती तुम्हाला येते. या शनिवारी एलची बॅच लावा. दोन आठवड्यांत ग्रॅव्हिटी दोन दिवस सारखी आली की बाटल्या भरा आणि शेवटचा आठवडा उबेत ठेवा, म्हणजे गॅस धरेल. घाई वाटली तर त्या दिवशी दुकानातला एक क्रेट जोडीला ठेवा, त्यात काही लाजण्यासारखं नाही.

चौथ्या बॅचवर आज बरण्यांची तपासणी करा, फर्मेंटर वर आणा, आणि बायकोचं नाक "पास" म्हणेपर्यंत बाटल्या भरू नका. भरल्यावर दोन आठवडे उबेत, मग फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात दीड-दोन महिने. मित्राला पन्नाशीला त्यातल्या दोन बाटल्या वेगळ्या बांधून द्या आणि वर चिठ्ठी चिकटवा: फ्रिजमध्ये ठेवणे, जूनच्या आधी उघडू नये.